जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? आधी हे तपासा, मग स्क्रू खोला

प्रोसेसर बदलण्यातलं स्क्रूड्रायव्हरचं काम फार तर तासाभराचं. खरा वेळ त्याआधी जातो. आपल्या लॅपटॉपमधला प्रोसेसर मुळात निघतो का, त्याच्या जागी दुसरा कोणता बसतो, आणि बसला तरी लॅपटॉपला तो झेपतो का, हे शोधावं लागतं. माझ्या २०११ सालच्या लॅपटॉपसाठी यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि तरीही ऐनवेळी एक घोळ घातलाच. तो पुढे येईल.

आधी दोष कुणाचा ते बघा

लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसरचा विचार बाजूला ठेवा आणि एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. विंडोजचा टास्क मॅनेजर (डिस्क, रॅम, प्रोसेसर किती वापरात आहेत ते दाखवणारा) उघडा, नेहमीची कामं सुरू करा आणि आकडे बघत बसा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघतोय. रॅम ४ जीबी असेल तर ती भरल्यावर सगळा भार पुन्हा डिस्कवरच येतो, म्हणून रॅमही आधी.

तिसरा संशयित म्हणजे धूळ. पंखा आणि जाळी धुळीनं बुजली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा लॅपटॉपमध्ये नवा प्रोसेसर टाकला तर तोही तसाच तापून मंदावणार. साफसफाई करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या धातूकडे नेणारा लेप) बदलल्यावर जुनाच प्रोसेसर सुसाट चालायला लागला, असंही होतं. तसं झालं तर उरलेला लेख करमणूक म्हणून वाचा.

आणखी एक अपेक्षा आधीच सोडून द्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येतो ते जवळपास सगळे त्याहून बरेच जुने आहेत, त्यामुळे प्रोसेसर बदलून विंडोज ११ ची पात्रता मिळत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, आणि या वयाच्या यंत्राला ते मानवतं.

प्रोसेसर निघतो का?

लॅपटॉपचे प्रोसेसर दोन प्रकारे बसवलेले असतात. एका प्रकाराला पीजीए म्हणतात. त्यात प्रोसेसरच्या पोटाला शेकडो बारीक पिना असतात आणि त्या मदरबोर्डवरच्या (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) सॉकेटमध्ये बसतात. हा निघतो. दुसरा बीजीए. त्यात पिनांच्या जागी डागाच्या (सोल्डरच्या) बारीक गोळ्या असतात आणि प्रोसेसर मदरबोर्डला कायमचा डागलेला असतो. तो काढायला खास यंत्र आणि तयार हात लागतो, म्हणून घरी करायचं काम नाही. तुमचा बीजीए निघाला तर इथेच थांबा.

ढोबळ हिशेब सालावरून लागतो. इंटेलच्या कोअर टू ड्युओच्या काळापासून चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंतच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये सॉकेट सापडतो. पाचव्या पिढीपासून इंटेलनं लॅपटॉपचे सगळे प्रोसेसर डागूनच दिले. नंतरच्या काळात सॉकेट दिसतो तो काही अवाढव्य गेमिंग लॅपटॉपमध्ये, आणि तिथे आत डेस्कटॉपचाच प्रोसेसर असतो.

नावाच्या शेपटीवरूनही बरंच कळतं. यू किंवा वाय असेल तर तो डागलेला समजा. चौथ्या पिढीत (आकडा ४नं सुरू होतो ती) तर शेवटच्या अक्षरांवर सगळा खेळ आहे: आय५-४२००एम निघतो, आय५-४२००यू निघत नाही, आय७-४७००एमक्यू निघतो, आय७-४७००एचक्यू निघत नाही.

तिसऱ्या पिढीत नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. आय५-३२१०एम हा एकाच नावानं दोन्ही प्रकारांत आला, पिनांचाही आणि डागायचाही. विंडोजवर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडला की पहिल्याच पानावर ‘पॅकेज’ अशी ओळ दिसते. तिथे ‘आरपीजीए’ असेल तर सॉकेट आहे, ‘बीजीए’ असेल तर नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. बऱ्याच कंपन्यांनी व्यावसायिक मॉडेलांची मॅन्युअलं त्यांच्या साइटवर खुली ठेवली आहेत. त्यात ‘प्रोसेसर काढणे’ असं प्रकरण असेल तर प्रश्नच मिटला. तेच मॅन्युअल पुढे लॅपटॉप खोलतानाही समोर ठेवायचं आहे.

कोणता बसेल, आणि कोणता झेपेल

नवे लोक इथेच फसतात. सॉकेट जुळला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण सॉकेट ही पहिली चाळणी आहे.

पिनांची संख्याही फसवते. इंटेलच्या पहिल्या पिढीचा सॉकेट जी१ म्हणून ओळखला जातो, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचा जी२. दोन्हीच्या तांत्रिक नावात (आरपीजीए९८८ए आणि आरपीजीए९८८बी) ९८८ हाच आकडा आहे, पण पिनांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. चौथ्या पिढीचा जी३ आणखी वेगळा. दुसरी आणि तिसरी पिढी सॉकेटनं सख्ख्या बहिणी असल्या तरी तिथे चिपसेट (मदरबोर्डवरची, प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप) आणि बायोस (लॅपटॉप सुरू होताच सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आडवे येतात. एचएम६५ सारख्या सहा-मालिकेच्या चिपसेटवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालायला लॅपटॉपच्या कंपनीनं बायोसमध्ये तशी सोय केलेली असावी लागते, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ती नसते. म्हणून दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपला दुसऱ्याच पिढीतला वरचा प्रोसेसर शोधावा.

एचएम७० नावाचा चिपसेट तर सापळाच आहे. तो सेलेरॉन आणि पेंटियमसाठी काढलेला. त्यात आय३, आय५ किंवा आय७ बसवला तर लॅपटॉप सुरू होतो, छान पळतो, तुम्ही खूश होता, आणि ३० मिनिटांनी तो आपोआप बंद पडतो. पुन्हा सुरू करा, पुन्हा ३० मिनिटं. दोष प्रोसेसरचाही नसतो आणि तुमच्या हाताचाही. चिपसेटच तसा बांधलेला आहे. त्यामुळे स्वस्तातल्या सेलेरॉन लॅपटॉपला हात लावण्याआधी सीपीयू-झेडच्या ‘मेनबोर्ड’ पानावर चिपसेटचं नाव वाचा.

कोअर टू ड्युओवाल्यांनी बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या माहितीच्या वाटेचा, वेग जुळवायचा. ९६५ मालिकेचा चिपसेट ८०० मेगाहर्ट्झपर्यंतची बस चालवतो. त्यात टी९३०० चालतो, पण १०६६ मेगाहर्ट्झची बस लागणारा पी८६०० नाही.

यापुढची चाळणी वॅटची. प्रोसेसरच्या माहितीत टीडीपी नावाचा आकडा असतो. किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी लागेल, त्याचा तो अंदाज. माझ्या लॅपटॉपमध्ये आय३-२३१०एम होता, ३५ वॅटचा. मोह होता तो चार कोअरच्या (एका वेळी काम करणाऱ्या चार भागांच्या) आय७-२६३०क्यूएमचा. सॉकेट तोच, चिपसेटही चालवतो. पण तो ४५ वॅटचा. मॅन्युअलमध्ये बघितलं तर त्याच मॉडेलच्या चार-कोअर आवृत्तीला हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारा धातूचा भाग) वेगळा होता, आणि चार्जर ६५ ऐवजी ९० वॅटचा. म्हणजे प्रोसेसरबरोबर हीटसिंक, चार्जर आणि आणखी एक तापलेला उन्हाळा मांडीवर. मी आय७-२६४०एम घेतला. कोअर दोनच, वॅटही ३५च, पण आय३ २.१ गिगाहर्ट्झच्या वर कधी जात नसे आणि हा गरज पडली की ३.५ पर्यंत झेप घेतो. आय५-२५२०एमसुद्धा चालला असता, ३.२ पर्यंत जाणारा. दोघांतला फरक रोजच्या कामात जाणवेल असं मला वाटत नाही. मला आय७ म्हणायची हौस होती, एवढंच.

नवशिक्यांना माझा सल्ला हाच: मूळ प्रोसेसरएवढ्याच वॅटचा, त्याच पिढीतला वरचा प्रोसेसर घ्या. मॅन्युअलमध्ये त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. तुमचा त्या यादीत असेल तर निम्मी काळजी मिटली.

हे प्रोसेसर आता नवे मिळत नाहीत, वापरलेलेच घ्यावे लागतात. फोटो दोन्ही बाजूंचे मागा. पिनांच्या बाजूचा फोटो तिरप्या कोनातून काढलेला असेल तर वाकलेली पिन लगेच दिसते, रांगेत एकच जण वाकडा उभा असावा तशी. वरच्या बाजूला नाव आणि ‘एसआर’नं (पहिल्या पिढीत आणि त्याआधी ‘एसएल’नं) सुरू होणारा छोटा कोड छापलेला असतो. तो कोड इंटरनेटवर टाकून नाव जुळतं का ते बघा. नावाच्या जागी ‘कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे. बायोस त्याला ओळखेलच असं नाही, तो नको.

खोलायच्या आदल्या दिवशी

बायोस अद्ययावत करायचं असेल तर जुना प्रोसेसर आत असतानाच करा. नव्या प्रोसेसरची ओळख नव्या बायोसमध्ये असेल आणि तुम्ही आधी प्रोसेसर बदललात, तर पडदा काळा आणि बायोस बदलायला वाट नाही. हे करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. मध्येच वीज तुटली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर बदल झालेला बघून तो की मागेल, आणि की त्याच लॅपटॉपमध्ये बंद असेल.

सामान फार लागत नाही: लहान फुली स्क्रूड्रायव्हर, एक चपटा, थर्मल पेस्ट, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, आणि क्लिपा उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं कार्ड. धातूचं काही नको, कडा दुखावतात.

खोलणं

लॅपटॉप बंद करा. झोपवू नका, पूर्ण बंद. चार्जर काढा, बॅटरी काढा, आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवा, आणि सतरंजीवर बसून हे काम करू नका.

काही लॅपटॉपना खाली एकच झाकण असतं. ते काढलं की पंखा आणि हीटसिंक समोर. या बाबतीत मी नशीबवान नव्हतो. माझ्यात आधी कीबोर्ड, मग वरचं कव्हर, आणि त्यानंतर पंख्याचं दर्शन. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो मदरबोर्डात किंवा झाकणातून आरपार जाऊ शकतो. मी पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढतो आणि स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवतो. प्रत्येक टप्प्यावर एक फोटो.

कीबोर्डची रिबन केबल ओढू नका. ती एका बारीक कुलुपात अडकवलेली असते. काहींची पट्टी वर उचलते, काहींची बाहेर सरकते. नखानं हलकेच करून बघा. हे कुलूप तुटलं तर दहा मिनिटांचं काम दहा दिवसांचं होतं.

हीटसिंकच्या स्क्रूंवर किंवा त्यांच्याशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. लावताना त्याच क्रमानं लावायचे, काढताना उलट्या. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसरा, असं नाही; प्रत्येकाला थोडे थोडे पीळ द्यायचे, कारण खाली प्रोसेसरचं उघडं सिलिकॉन आहे. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूची टोपी असते, लॅपटॉपच्या या प्रोसेसरवर ती नसते. दाब एकाच बाजूला पडला तर कोपऱ्याचा टवका उडतो. पंख्याची वायर आधी सोडवून ठेवा. हीटसिंक चिकटून बसला असेल तर उचकटू नका, डावी-उजवीकडे किंचित फिरवत सैल करा. माझी जुनी पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती, बोट लावताच भुगा पडला.

बदलणं

आता सॉकेटकडे जवळून बघा. त्याच्या एका कडेला मोठ्या डोक्याचा एक स्क्रू असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुलुपाची दोन चित्रं: एक उघडं, एक बंद. चपटा स्क्रूड्रायव्हर लावून तो उघड्या कुलुपाकडे वळवा. साधारण अर्धा वेढा. हा स्क्रू बाहेर निघत नाही, नुसता वळतो, म्हणून जास्त पिळायचा नाही. वळताना सॉकेटची वरची पांढरी प्लेट केसभर सरकलेली दिसते. तिनं पिनांवरची पकड सोडली.

प्रोसेसर दोन कडांना धरून सरळ वर उचला. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे. तो सॉकेटच्या कोणत्या कोपऱ्याला होता ते बघून ठेवा. नवा प्रोसेसर त्याच कोपऱ्याला जुळवून ठेवायचा आहे, ‘ठेवायचा’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. तो स्वतःच्या वजनानं आत बसतो. दाबावंसं वाटलं तर समजा काहीतरी चुकतंय: कोपरा उलटा आहे, पिन वाकली आहे किंवा कुलूप अजून बंद आहे. एखादी पिन वाकलेली असेल तर शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलचं नळकांडं तिच्यावर चढवून हळूच सरळ करता येते. एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा वाकवली तर मोडेल.

मग तो स्क्रू बंद कुलुपाकडे वळवा.

इथे माझा घोळ. प्रोसेसर इतका सुंदर बसला की त्या आनंदात मी थेट पेस्टची नळी उचलली. कुलूप उघडंच. सगळं जोडून बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा काळा. पुन्हा कीबोर्ड, पुन्हा कव्हर, पुन्हा हीटसिंक, पुन्हा पेस्ट पुसणं. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवण्याआधी मी सॉकेटचा एक फोटो काढतो, बंद कुलुपाचं चित्र दिसेल असा.

हीटसिंकचा तळ आणि नव्या प्रोसेसरचं सिलिकॉन अल्कोहोलनं पुसून घ्या आणि वाळू द्या. हीटसिंकवर चिपसेट किंवा ग्राफिक्सच्या जागी करड्या-निळ्या मऊ पट्ट्या असतील तर त्यांना हात लावू नका. त्या जाड असतात, पेस्टनं ती फट भरत नाही. सिलिकॉनच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. जास्त झाली तर कडेच्या बारीक भागांवर सांडते. द्रव धातूची पेस्ट वीज वाहते, नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

हीटसिंक सरळ खाली टेकवा, एकदा टेकवला की उचलू नका. स्क्रू आकड्यांच्या क्रमानं, थोडे थोडे. पंख्याची वायर जोडा. ही विसरणारे खूप आहेत.

पहिल्यांदा सुरू करताना

झाकणं सगळी लावण्याआधी एकदा चालवून बघा. पहिल्या वेळी लॅपटॉप नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो, कधी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. थोडा धीर धरा. पंखा फिरतोय याची खात्री मात्र लगेच करा. फिरत नसेल तर ताबडतोब बंद.

पडदा काळाच राहिला तर क्रमानं बघा: सॉकेटचं कुलूप, रॅम नीट बसली आहे का, रिबन केबली, आणि मग पिना. बटणासारखा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवल्यानंही कधीकधी बायोस भानावर येतो. हे सगळं करूनही नाही जमलं तर जुना प्रोसेसर परत लावा. जुन्यावर सुरू झाला तर मदरबोर्ड शाबूत आहे, आणि नवा प्रोसेसर तरी खराब आहे किंवा तुमच्या बायोसला तो ओळखू येत नाही.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव वाचा. मग तापमान. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा. नुसता बसलेला असताना ४० ते ५५ अंश ठीक. भार देऊन बघायला प्राइम९५ आहे. तो अर्धा तास चालवा आणि आकडे बघा. ८५च्या आसपास स्थिरावला तर उत्तम. ९५च्या पुढे जाऊन वेग घसरायला लागला तर पेस्ट किंवा हीटसिंकचे स्क्रू पुन्हा बघा. सुरू करताच दोन-तीन सेकंदांत तापमान शंभराकडे धावलं तर हीटसिंक टेकलेलाच नाही, लगेच थांबवा. माझा ८२ वर थांबला. आय३ त्याच चाचणीत याहून जास्त तापायचा, पण त्यात श्रेय प्रोसेसरपेक्षा नव्या पेस्टचं आणि जाळीतून निघालेल्या धुळीच्या लोकरीचं आहे.

चार्जर काढून बॅटरीवरही एकदा भार द्या. जुनी, थकलेली बॅटरी नव्या प्रोसेसरच्या अचानक मागणीला कधीकधी दगा देते आणि लॅपटॉप पट्कन बंद पडतो. तेव्हा संशय नव्या प्रोसेसरवर घेऊ नका.

जुना प्रोसेसर, नवा ज्या डबीत आला तिच्यातच ठेवा, पिना फोममध्ये टोचून. महिनाभर तरी तो कुणाला देऊ नका.